गोला, गलता आणि पॅटर्नवाला

पूर ओसरला की शिरोळ तालुक्यातल्या जुन्या घरांत आधी गाळ काढतात. मग भांडी, मग भिजलेले धान्य, मग कपाटातली कागदपत्रे. दाराच्या चौकटीकडे लक्ष जायला आठवडा उलटतो. तोवर लख्ख ऊन पडलेले असते, आणि पाण्यात फुगून बसलेले लाकूड घाईघाईने सुकू लागलेले असते. चौकटीचा घात पाण्याने होतो त्याहून जास्त या घाईने होतो. वरचा थर आकसतो, आतला गाभा ओलाच राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत लाकूड तडकते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही एकदम चढल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेले. नृसिंहवाडीला या दोन नद्या एकत्र येतात, त्यामुळे वाडी, कुरुंदवाड आणि खाली खिद्रापूरपर्यंतच्या गावांना पाण्याने वेढले. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. नृसिंहवाडीच्या लोकांना नदी घरात येण्याची सवय आहे. दत्तमंदिरात पाणी शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा तिथे दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक त्या पाण्यात स्नान करतात. पण मातीच्या भिंतींना ही सवय नसते. भिंती बसल्या, घरे उतरवावी लागली, आणि सागवानी खांब, तुळया, चौकटी अंगणात ताडपत्रीखाली येऊन पडल्या.

यातल्या बहुतेक चौकटी सबंध वाया गेलेल्या नसतात. गेलेली असते ती खालची दीड-दोन फूट, उंबऱ्यालगतची. चौकटीच्या दर्शनी बाजूला जी नक्षीची पट्टी ठोकलेली असते, तिचा पायाकडचा भाग कुजतो, वरचा शाबूत राहतो. म्हणजे घरमालकाला हवी असते दोन फूट पट्टी. ती पट्टी बाजारात कुठेच मिळत नाही. दुकानात मिळते ती मोल्डिंग पट्टी पाइनची किंवा एमडीएफची, ठरावीक चार-सहा आकारांची. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने स्वतःच्या रंध्याने काढलेला आकार त्यात नसतो. मग सुतार सांगतो, "सगळीच काढून टाका, नवीन साधी बसवू." दोन फुटांसाठी चौदा फूट नक्षी जळणात जाते.

ही दोन फूट पट्टी पुन्हा कशी करता येते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी तिचा आकार वाचावा लागतो. कितीही गुंतागुंतीची दिसली तरी सरळ पट्टी थोड्याच अक्षरांत लिहिलेली असते. बाहेर फुगलेली गोलाई म्हणजे गोला. आत गेलेली खोबण म्हणजे गलता. दोन्ही जोडले की नागमोडी वळण होते. या वळणांना वेगळे करणारी बारीक सपाट कड असते. ती नसेल तर सावली पडायला जागा राहत नाही आणि सगळा आकार मऊ, थकलेला दिसतो. सोप्यात येणारे तिरपे ऊन या कडांवर अडते, गलत्यात काळोख साठतो, गोल्यावर उजेड सरकतो. पट्टीची नक्षी खरे तर या सावल्यांची असते.

हीच अक्षरे दगडात पाहायची तर खिद्रापूरला जावे. कोपेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले; यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे. लोक स्वर्गमंडपाच्या उघड्या गोल छताकडे मान वर करून बघतात, आणि ते बघण्यासारखे आहेच. पण खांबांवरच्या कड्यांवरून एकदा बोट फिरवावे. गोला, कड, गलता, कड, पुन्हा गोला. लेथवर कातल्यासारखी ती वळणे आहेत. त्या पाथरवटांचा आणि कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या काळातल्या सुतारांचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण दगड असो की लाकूड, सावली पाडायला माणसाच्या हाताला हीच दोन वळणे सापडतात.

वाड्यांच्या लाकूडकामात आणखी एक प्रवाह मिसळला. कोल्हापुरात चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाने टाऊन हॉल आणि नवा राजवाडा या इमारतींचे आराखडे केले. राजवाडा 1884 साली पुरा झाला. अशा इमारतींमधून युरोपी पट्ट्यांचे आकार इथल्या कामात आले. त्या आकारांचीही दोन घराणी आहेत: रोमन पट्टीची वळणे कंपासने काढलेल्या वर्तुळाच्या तुकड्यांची असतात, ग्रीक पट्टीची वळणे लंबवर्तुळासारखी, सावकाश वळून शेवटी एकदम मुडपणारी. म्हणून एकाच चौकटीवर वर गणेशपट्टी, बाजूला कमळाच्या पाकळ्या आणि त्यांना लागून चक्क रोमन वळणाची पट्टी अशी सरमिसळ दिसते. नक्कल करणाऱ्याने हे ओळखले पाहिजे. वर्तुळाच्या वळणाला नुसत्या नजरेने लंबवर्तुळ केले, तर पट्टी जवळपास तशीच दिसते आणि तरी शेजारच्या जुन्या पट्टीला ती परकी वाटते.

हा आकार सुताराने काढला कसा, तर रंध्याच्या पात्याने. साध्या रंध्याचे पाते सरळ असते. गोल्याच्या रंध्याचे पाते आतून वळवलेले, गलत्याच्या रंध्याचे बाहेर फुगवलेले. पाते सुतार स्वतः घासून घ्यायचा, त्यामुळे प्रत्येकाचा गोला थोडा वेगळा. रंध्याने पट्टी ओढत जाताना दर ओढीला कागदासारखी ढलपी निघते आणि आकार हळूहळू खाली उतरतो. पाते झिजले की पुन्हा घासायचे, आणि घासले की आकार केसभर बदलायचा. म्हणून जुन्या पट्टीची दोन टोके मोजली तर ती तंतोतंत सारखी नसतात. हा तिचा दोष मानू नये. पण नेमके कुठले टोक खरे धरायचे, हे ठरवावे लागते.

आता माप. त्यासाठी महागडा स्कॅनर लागतो असा समज आहे. सरळ पट्टीला तो लागत नाही. कुजलेल्या भागाच्या वरचा, घट्ट असलेला एक तुकडा घ्यावा आणि बारीक दातांच्या करवतीने काटकोनात कापावा. मिळालेला छेद झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या सपाट स्कॅनरच्या काचेवर ठेवावा, शेजारी पोलादी पट्टी ठेवावी आणि 300 डीपीआयला स्कॅन करावा. एका इंचात 300 ठिपके, म्हणजे एक ठिपका 0.085 मिमीचा. कुठल्याही सुताराच्या पेन्सिलीपेक्षा ही रेघ बारीक आहे. शेजारची पोलादी पट्टी फार महत्त्वाची. ती नसेल तर संगणकावर आकार बरोबर आणि आकारमान चूक, अशी गत होते.

त्याआधी रंग काढायला हवा. दर दिवाळीला, लग्नाला, मुंजीला चौकटीवर ऑइलपेंटचा एक हात बसलेला असतो. पन्नास-साठ वर्षांत गलता भरत जातो, कडा गोल होतात. रंगासकट माप घेतले तर सुताराचे काम बाजूला राहते आणि रंगाऱ्याचेच काम कोरले जाते. मात्र जुन्या रंगात शिसे असण्याची बरीच शक्यता असते. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची 90 पीपीएम ही मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची पूड घरात उडवू नये, लहान मुले असतील तर मुळीच नाही. रंग उतरवण्याचे द्रावण लावून, ओला असतानाच तो खरवडून काढावा.

छेद संगणकात आला की त्यावर रेघ ओढायची. इथे फार प्रामाणिक राहूनही चालत नाही. छेदात उंदराने कुरतडलेला कोपरा असेल, खिळ्याचा चरा असेल. यंत्राला तेवढे कळत नाही, दिलेली रेघ ते शेवटच्या इंचापर्यंत कापते. एका जागची चूक दोन फूट लांब होते. म्हणून ठिपक्यांमागे ठिपके जोडत जाण्यापेक्षा विचारावे की सुताराने इथे काय काढले होते. हा 9 मिमी त्रिज्येचा गोला आहे, ही 3 मिमीची कड, मग हा गलता. असे वाचून काढलेली रेघ स्वच्छ येते.

आणि मग राउटर. सीएनसी राउटर म्हणजे टेबलावर तीन दिशांना फिरणारे, आकड्यांवर चालणारे कापण्याचे यंत्र. आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांची. एमआयटीच्या प्रयोगशाळेत 1952 साली असे मिलिंग यंत्र छिद्रांच्या कागदी फितीवर चालवून दाखवले गेले. ते धातूसाठी होते. लाकडाचे राउटर तेच तत्त्व पाळते, फक्त फार वेगाने फिरते: मिनिटाला 18,000 ते 24,000 फेरे.

वळणे कापायला गोल टोकाचे बिट लागते. सारवलेल्या अंगणात बोटांच्या रेघा उमटतात, तशा या बिटाच्या वाटा लाकडावर उमटतात. दोन वाटांमध्ये बारीक बांध उरतो. त्या बांधाची उंची साध्या हिशेबाने काढता येते: दोन वाटांमधल्या अंतराचा वर्ग भागिले बिटाच्या त्रिज्येची आठपट. 6 मिमीचे बिट आणि 3 मिमीचे अंतर घेतले तर बांध जवळपास 0.4 मिमीचा, नखाला सहज लागणारा. अंतर 0.6 मिमी केले तर बांध 0.015 मिमीचा, पॉलिश पेपरच्या एका हातात जाणारा. अंतर पाचपट कमी झाले की बांध पंचवीसपट बुटका होतो.

पण वेळ वाढतो. पट्टी 100 मिमी रुंद असेल तर 0.6 मिमीच्या अंतराने 167 वाटा होतात. पट्टी एक मीटर लांब असेल तर बिटाला 167 मीटर चालायचे. 18,000 फेरे, बिटाला दोन धारा, दर धारेने 0.1 मिमीची ढलपी काढायची असे धरले तर मिनिटाला 3.6 मीटर चाल येते. म्हणजे फक्त शेवटचा हात पाऊण तासाचा. घाई नको म्हणून चाल फार कमी केली तर उलटेच होते. ढलपी निघण्याऐवजी बिट एका जागी घासत राहते, तापते, आणि लाकूड करपते. रंधा दबकत मारला की तो लाकडावरून घसरतो, हे सुतार जाणतो, यंत्राचेही तेच.

वाटा नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, लांबीत घ्याव्यात. आडव्या घेतल्या की कडांवर कुसळे उठतात. सागाचे आणखी एक आहे. त्याच्या तेलकटपणामुळे तो पाण्याला टिकतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूचाच कण, असतो. साधे पोलादी बिट त्यावर लवकर बोथट होते. कार्बाइडचे बिट घ्यावे, आणि जुन्या तुळईचे लाकूड वापरणार असाल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. लाकडाची धूळ हा कर्करोगाला कारण ठरणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदला आहे. धूळ ओढणारा पंखा आणि तोंडाला मास्क, दोन्ही हवेत.

माझे मत स्पष्ट आहे: सरळ पट्टी दोनशे फूट लागणार असेल तर राउटरकडे जाऊच नये. आकारानुसार पाते घासून घ्यावे आणि स्पिंडल मोल्डरवर पट्टी ओढावी. तो रंध्याचाच विजेवर चालणारा वारस आहे, आणि एका ओढीत पूर्ण आकार देतो. राउटरचा उपयोग दोन ठिकाणी. पट्टी थोडीच हवी असेल तिथे, आणि पट्टीवर फुले, पाने, मणी कोरलेले असतील तिथे.

कोरीव पट्टीत नवा प्रश्न येतो, मोजणीचा. समजा, पट्टीवर केळफुलांची रांग आहे. एक फूल स्कॅन करून संगणकात त्याच्या नकला ओळीने मांडता येतात. पण जुनी रांग मोजली तर फुलांमधले अंतर एकसारखे नसते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण फुले बसावीत, अर्धे फूल कुठेही तुटू नये, म्हणून नक्षीवाला फुले किंचित दाटीने किंवा ऐसपैस बसवायचा. ती ओढाताण दहा-वीस फुलांत वाटली की डोळ्याला कळत नाही. यंत्रासाठी आखणी करतानाही मधून सुरुवात करावी आणि लांबीला पूर्ण फुलांनी भागावे. पट्टी संपेल तिथे फूल कापून मोकळे झालेले काम मी पाहिले आहे. सबंध चौकट त्या एका अर्ध्या फुलापाशी अडखळते.

आता ज्या माणसासाठी हे प्रकरण लिहायला घेतले, त्याच्याकडे येतो.

शिरोळपासून तासा-दीड तासावर कोल्हापूर, आणि कोल्हापूर परिसरात सुमारे 300 फाउंड्री. म्हादबा मिस्त्रींच्या पिढीने इथे ऑइल इंजिने घडवली, तेव्हापासून ओतकाम या भागाच्या हाडीमाशी आहे. ओतकामाला आधी लाकडाचा नमुना लागतो. तो मातीत दाबायचा, अलगद उचलायचा आणि उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचे. हा नमुना करणारा तो पॅटर्नवाला. पिढ्यान् पिढ्या ही मंडळी सागावर मिलिमीटरच्या अंशापर्यंत काम करत आली आहेत, आणि आता त्यांच्यापैकी अनेकांकडे सीएनसी यंत्रे आहेत. जुन्या चौकटीची पट्टी घेऊन फर्निचरच्या दुकानांत फिरणाऱ्या माणसाला या दाराची आठवण होत नाही, याची मला हळहळ वाटते.

पॅटर्नवाल्याला दोन गोष्टी आधीच येतात. पहिली, ड्राफ्ट. नमुना मातीतून वर उचलताना माती ढासळू नये म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार ठेवतात, आणि कुठलाही भाग पोटात वळलेला चालत नाही. तीन दिशांच्या राउटरची मर्यादा हीच आहे. बिट वरून खाली येते; पानाच्या पोटाखाली ते शिरू शकत नाही. जे मातीतून सरळ उचलता येते, तेच वरून कापता येते. नक्षीचा तुकडा हातात घेताच पॅटर्नवाला सांगतो की इथपर्यंत यंत्र, याच्या पुढे पटाशी.

दुसरी गोष्ट, आकसणे. बिडाचे लोखंड थंड होताना मीटरला सुमारे 10 मिमी आकसते, म्हणून पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच तेवढी मोठी असते. लाकूड आकसते ते निराळ्या रीतीने. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत, आणि तेही कापणीवर अवलंबून. ओला साग पूर्ण सुकताना वर्तुळरेषांच्या दिशेने साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसतो, गाभ्यापासून सालीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास. जुन्या कातीव खांबाची जाडी दोन बाजूंनी मोजली तर तो किंचित अंडाकृती निघतो, तो यामुळे. पावसाळ्यात 20 टक्के ओलाव्याच्या लाकडात 100 मिमी रुंद पट्टी कापली आणि ती उन्हाळ्यात 10 टक्क्यांवर आली, तर ती जवळपास 2 मिमी अरुंद होईल. जुन्या पट्टीशी जुळवलेली कड मग जुळणार नाही. म्हणून नव्या लाकडाची फळी आधी त्याच घरात दोन-तीन महिने ठेवावी, आणि ओलावामापक 12 टक्क्यांच्या आसपास दाखवू लागला की कापावी. त्याहून बरे म्हणजे त्याच घरातून निघालेली निकामी तुळई वापरणे. तिचे आकसून झालेले असते, तिचा रंगही शेजाऱ्याशी मिळतो.

यंत्राने नक्षी करणे ही आजची टूम नाही. 1834 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनचे पार्लमेंट जळाले. नव्या इमारतीला इतके कोरीव लाकूडकाम लागणार होते की तेवढे हात मिळणे कठीण. थॉमस जॉर्डन यांनी 1845 मध्ये कोरीवकामाच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते त्या कामावर लागले. मूळ नमुन्यावरून एक सुई फिरायची आणि तिच्या इशाऱ्याने कापणारी बिटे लाकडात उतरायची. पण यंत्र फक्त जाडाभरडा आकार काढून द्यायचे. शेवटचा हात नक्षीकाराचा.

आजही वाटणी तशीच राहावी, आणि त्याला कारण भूमितीचे आहे. बिट गोल असते, म्हणून आतला कोपरा त्याच्या त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण येत नाही. दोन पट्ट्या जिथे कोपऱ्यात मिळतात, फुलाची पाकळी जिथे देठाला टेकते, तिथे यंत्राने काढलेला भाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसतो. सुताराने तिथे पटाशीचे चार घाव घालावेत, कड खोल करावी, काचेच्या तुकड्याने खरडून बांध काढावेत. अर्ध्या तासाच्या या कामाने पट्टी जिवंत होते. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात, तो मुरल्यावर दुसरा.

नवी पट्टी हुबेहूब जुन्यासारखी दिसावी की वेगळी कळावी, यावर जतन करणाऱ्यांत बराच खल झाला आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की हरवलेल्या भागाची भरपाई सगळ्याशी मिळून जावी, पण मूळ भागापासून ओळखूही यावी. राहत्या घराला यातून सोपी वाट काढता येते. दर्शनी बाजू जुळती करावी आणि पट्टीच्या पाठीवर, भिंतीकडच्या अंगाला, साल कोरून ठेवावे. यंत्र आधीच टेबलावर चालू असते. चार आकडे कोरायला मिनिटही लागत नाही.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेले. शाहू महाराजांनी उभे केलेली ती वास्तू पूर्वीसारखी उभारण्याची मागणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. अशा मोठ्या वास्तूची छायाचित्रे असतात, मोजमापे असतात, तिच्यासाठी बोलणारी माणसे असतात. कुरुंदवाडच्या किंवा शिरोळच्या गल्लीतल्या सोप्याच्या चौकटीचे यातले काहीच नसते. तिची नोंद म्हणजे ती स्वतः.

म्हणून पूररेषेत जुने घर असेल तर पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी एवढे करून ठेवता येते. घरात किती तऱ्हेच्या पट्ट्या आहेत ते पाहावे. बहुतेक घरांत चार किंवा पाच निघतात. मागच्या दाराची, माडीच्या जिन्याची, जिथली काढलेली कुणाला दिसणार नाही अशी प्रत्येकीची वीतभर काढावी. निघत नसेल तर सुयांच्या आकारमापकाने तिचा आकार कागदावर उतरवावा. पाठीवर पेन्सिलीने लिहावे: सोपा, पूर्वेचे दार, डावी बाजू. सगळे तुकडे सुती फडक्यात गुंडाळावेत आणि 2019 चे पाणी भिंतीवर जिथपर्यंत आले होते, त्या खुणेच्या वर, पोटमाळ्यावर ठेवावेत.